ग्रंथालयातील जुना संगणक आणि त्याचे नवे शेजारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर, एवढेच काय मधुमेहावरही उत्तम व्याख्याने झाली. त्या पंक्तीला बसून एका जुनाट संगणकाची कथा सांगावयाची म्हणजे मला थोडा संकोच वाटतो. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. "गेले तीन महिने तुम्ही ग्रंथालयाच्या खोलीत दार लावून काय करीत होता, ते एकदा सभासदांना सांगा," असे कार्यकारिणीने मला बजावले. तेव्हा हे व्याख्यान नसून एका परीने जबानीच आहे, असे समजावे.

आपले मंडळ १९७५ साली या राउरकेल्याच्या पोलादनगरीत स्थापन झाले. २००० साली रौप्यमहोत्सव झाला आणि त्याच्या आदल्या वर्षी, स्मरणिका घरच्या घरी जुळवता यावी म्हणून, आपण वर्गणी काढून एक संगणक घेतला. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात पिवळ्या पडलेल्या आच्छादनाखाली जी पेटी दिसते, तीच ती. तिच्यात विंडोज ९८ आहे. स्मरणिका झाली, मग पुस्तकांची यादी झाली, वर्गणीची खाती झाली. आणि पुढे सर्वांच्या घरी नवी यंत्रे आली तेव्हा ही पेटी तशीच राहिली. तिला कोणी टाकून दिले नाही याचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला नसून, ती उचलावयाला दोन माणसे लागतात या वस्तुस्थितीला आहे.

आता एक कबुली. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळात मी होतो. आपल्या पहिल्या ग्रंथपाल काकूंनी तेव्हा मंडळाच्या आरंभीच्या वर्षांच्या आठवणी लिहून दिल्या. हस्तलिखित सुमारे साठ पानांचे होते. ते सगळे टंकून झाले, आणि मग जागेच्या अडचणीमुळे आम्ही त्याची चार पाने केली. कात्री माझीच होती. "उरलेले पुढच्या वर्षी वेगळे काढू," असे मी काकूंना म्हणालो होतो. काकू २००९ साली गेल्या. हस्तलिखित त्यांच्या घरीही सापडले नाही. ते पूर्ण स्वरूपात असलेच तर त्या पेटीत असणार होते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा हे मला आठवले, असे म्हणणे खरे होणार नाही. ते मी विसरलोच नव्हतो.

पेटी सुरू झाली. आतील लहानशी गोल बॅटरी मेलेली असल्यामुळे तिच्या मते तो दिवस १ जानेवारी १९८० हा होता. बॅटरी बदलली. फाइली जागेवर होत्या. प्रश्न होता तो त्या बाहेर कशा आणावयाच्या हा.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल की पेन ड्राइव्ह लावावा आणि मोकळे व्हावे. मलाही तसेच वाटले होते. परंतु विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ओळखता येत नाही. त्यासाठी त्या-त्या बनावटीचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतात, पण तिचा खण गंजून अडकला होता. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडणे हा राजमार्ग होता, हे मला मान्य आहे, आणि केवळ फाइलींची नक्कल हवी असती तर मी तेच केले असते. पण आपली ग्रंथयादी आणि खाती ज्या कार्यक्रमात भरलेली आहेत, तो कार्यक्रम त्याच पेटीवर चालतो. त्याचे कुलूप छपाईयंत्राच्या खाचेत बसवलेले आहे, ते नसेल तर तो उघडत नाही. यादी त्याच्या पोटातून साध्या मजकुराच्या रूपाने थोडी थोडी काढावयाची, तपासावयाची, पुन्हा काढावयाची, असे काम होते. त्यासाठी पेटी जिवंत हवी आणि ती इतरांशी जोडलेली हवी.

इतर म्हणजे कोण? ग्रंथालयात चिटणीसांचा विंडोज ११ चा लॅपटॉप असतो. खजिनदारांकडे त्यांच्या मुलाने पुण्याहून पाठविलेला मॅक आहे. आणि सभासदांच्या तिसऱ्या पिढीतला, येथल्याच एन. आय. टी. त शिकणारा एक मुलगा आहे, त्याने मंडळाला जुन्या सुट्या भागांतून एक यंत्र जोडून दिले आहे. त्यावर लिनक्स चालते. विंडोज, मॅक, लिनक्स ही या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नावे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. फाइल कोठे ठेवावयाची, कोणाला दाखवावयाची, छपाईयंत्राला केव्हा हाक मारावयाची, हे सर्व तो पाहतो. प्रत्येक कारभाऱ्याच्या रीती निराळ्या, आणि आमच्या खोलीत असे चार कारभारी एकत्र आले होते.

सर्वांत सोपे निघाले ते तारेचे काम. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ईथरनेटचा पाया घातला. त्या घराण्याची तार आजही चालते. पेटीत नेटवर्क कार्ड बसविले, आठ तारांची केबल राउटरला लावली, आणि दोन्ही टोकांचे हिरवे दिवे लागले. नव्या राउटरचे तोंड सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे, जुन्या कार्डाचे १०० चे. पण जोडणी होताच दोघे आपापसांत ठरवितात की जे दोघांना झेपते त्या वेगाने बोलू. म्हणजे जो वेगवान आहे त्याने थांबावयाचे. जुन्याला धावता येत नाही, हे नव्याला ठाऊक असते. कार्डाचा ड्रायव्हर बसविताना पेटीने तिची मूळ सीडी मागितली. ती गणपतीच्या मखराच्या सामानात सापडली. तेथे कशी गेली ते मखर समितीने सांगावे.

मग पत्ता. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. पेटीला मी १९२.१६८.१.५० हा दिला. ज्या टीसीपी-आयपी नावाच्या संकेतावर हे चालते तो अमेरिकेतील अर्पानेटवर १ जानेवारी १९८३ रोजी सर्वत्र लागू झाला, आणि विंडोज ९८ ला तो चांगला अवगत आहे. पत्त्याच्या रकान्यांत गेटवे नावाचा एक रकाना असतो, म्हणजे घराबाहेर पडण्याची वेस. तो मी मुद्दाम कोरा ठेवला. विंडोज ९८ ची देखभाल मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये थांबविली. अशा यंत्राने घरातल्या घरात चार माणसांशी बोलावे, इंटरनेटवर जाऊ नये. नंतर लिनक्सवरून 'पिंग' नावाची हाक मारली. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला हा एवढासा कार्यक्रम, तो समोरच्याला फक्त "आहेस का?" असे विचारतो. पेटीने चारही वेळा ओ दिली. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी चहा मागविला.

येथवर सुख होते. पेटीच्या पडद्यावर 'नेटवर्क नेबरहुड' असे एक चित्र आहे. शेजारी कोण आहेत ते तेथे दिसावयाचे. ते उघडले तर मोहल्ला रिकामा. हाक ऐकू येते, पण दार कोणी उघडीत नाही, अशी स्थिती.

याचे कारण थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. एका यंत्राने दुसऱ्याच्या फाइली पाहाव्यात, वाचाव्यात यासाठी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी एक बोली घडविली. तिला एसएमबी म्हणतात. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली. निराळ्या कारभाऱ्यांच्या यंत्रांना मात्र ती येत नव्हती. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने ती आत्मसात केली, तीही व्याकरणाचे पुस्तक हाती नसताना. दोन यंत्रे तारेवरून काय बोलतात ते तो टिपीत बसला. परक्या देशातल्या उपाहारगृहात बसावे, गिऱ्हाइकाने काय म्हटल्यावर वाढपी काय आणतो ते पाहावे, आणि तसे भाषा शिकावे, अशी उपमा त्याने स्वतःच आपल्या पद्धतीला दिली आहे. हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातील मंडळी आठवली. १९७० नंतरच्या त्या वर्षांत येथे आलेल्या आपल्या किती बायका ओडिया शिकल्या त्या कोणत्या वर्गात? हाटात टोपलीपाशी उभे राहून, पुढची बाई "केते?" म्हणते आणि भाजीवाली किती बोटे दाखविते ते पाहून.

ट्रिजेलच्या कार्यक्रमाला पुढे नाव हवे झाले. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्याने शब्दसंग्रहात शोधला आणि 'सांबा' हा निघाला. सांब सदाशिवाशी त्याचा संबंध नाही, तो ब्राझीलचा नाच आहे. परंतु आमच्या खोलीत त्याला "सांबा" म्हणून हात जोडण्याची प्रथा पडली. याच सांबामुळे लिनक्सचे यंत्र विंडोजच्या मोहल्ल्यात घरच्यासारखे वावरू लागले, आणि मॅकनेही २००२ पासून काही वर्षे त्याचाच आधार घेतला.

मग आमच्या पेटीला दार का उघडेना? कारण तिला येते ती एसएमबीची पहिली, जुनी पिढी. तिच्यातील एका छिद्रातून १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रांतील फाइली कुलूपबंद झाल्या आणि खंडणी मागितली गेली. ब्रिटनमधील रुग्णालयांना त्या दिवशी रुग्ण परत पाठवावे लागले. छिद्र बुजविण्याचे ठिगळ दोन महिने आधीच निघाले होते, ते अनेकांनी लावले नव्हते, ही त्यातली दुःखाची गोष्ट. त्याच वर्षीच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने ही जुनी बोली नव्या यंत्रांत मुळातून बसविणेच बंद केले. सांबानेही २०१९ पासून ती आपण होऊन बोलणे सोडले. शिवाय पेटीची परवलीचा शब्द सांगण्याची तऱ्हा जुनी आहे: सगळी अक्षरे मोठ्या लिपीची करावयाची आणि सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडावयाचे. असे तुकडे फोडणे आजच्या यंत्राला फारसे अवघड नाही. नव्यांनी अशा पाहुण्याला उंबरठ्यावर अडविले, तर त्यांचे काय चुकले?

आमचा तरुण सहकारी म्हणाला, "काका, चिटणीसांच्या लॅपटॉपवर जुनी बोली चालू करतो, दोन मिनिटांचे काम आहे." मी नको म्हणालो. त्या लॅपटॉपवर चिटणीस बँकेचे व्यवहार करतात. एका म्हाताऱ्या पाहुण्यासाठी सगळ्या घराची कडी काढून ठेवणे मला योग्य वाटले नाही. यावर आमचा थोडा वाद झाला. त्याचे म्हणणे होते की घरातल्या नेटवर्कवर एवढी भीती कशाला. कदाचित त्याचेच खरे असेल. पण मी कारखान्यात उपकरण विभागात बत्तीस वर्षे काढली आहेत, आणि "एवढ्यापुरते काढून ठेवू" म्हणून काढलेली संरक्षक जाळी पुन्हा बसविलेली मी फारशी पाहिलेली नाही.

मार्ग सापडला तो त्याहूनही जुन्या बोलीत. एका यंत्रातून दुसऱ्यात फाइल धाडण्याची एफटीपी ही रीत १६ एप्रिल १९७१ रोजी प्रथम लिहून काढली ती अभय भूषण यांनी. ते आय. आय. टी. कानपूरच्या पहिल्या तुकडीचे, तेव्हा एम. आय. टी. त शिकत होते. विंडोज ९८ मध्ये काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून चालविण्याचा एफटीपीचा कार्यक्रम आधीपासूनच असतो, आणि लिनक्सला ती फाइल स्वीकारावयाला शिकविता येते. तेव्हा आम्ही लिनक्सच्या यंत्राला दुभाष्या नेमले. एका हाताने त्याने पेटीकडून एफटीपीने फाइल घ्यावयाची आणि दुसऱ्या हाताने, सांबाच्या नव्या, सुरक्षित बोलीत, चिटणीसांच्या विंडोजला व खजिनदारांच्या मॅकला ती दाखवावयाची. जुन्याला नवे शिकावे लागले नाही, नव्यांना जुने बोलावे लागले नाही. एफटीपीही परवलीचा शब्द उघडाच सांगते, हे येथे नमूद करतो. म्हणून काम संपले की ते दार आम्ही रोज बंद करीत असू.

पहिल्या दिवशी एकशे बारा फाइली गेल्या. एकही धड उघडेना. दोष माझा होता. विंडोजची एफटीपी सांगितल्याशिवाय प्रत्येक फाइल साधा मजकूर आहे असे धरून चालते. आता ओळ संपली हे सांगण्याची प्रत्येक कारभाऱ्याची खूण वेगळी. टंकलेखन यंत्रावर गाडी मागे सारणे आणि कागद वर सरकविणे अशा दोन क्रिया असत. विंडोजने त्या दोन्ही खुणा जपल्या आहेत, लिनक्स एकीवर भागविते. मजकूर पाठविताना एफटीपी ही जादा खूण काढून टाकते, आणि ते योग्यच. परंतु आमच्या फाइली शब्दलेखकाच्या होत्या. त्यांच्या पोटात योगायोगाने जेथे-जेथे ही जोडी आली तेथे-तेथे तिने एक अक्षर गिळले. प्रत्येक फाइल मूळ आकाराहून पाच-दहा अक्षरांनी लहान झालेली पाहिली तेव्हा उलगडा झाला. आधी 'बायनरी' हा एक शब्द टंकावयाचा होता, मग फाइल जशीच्या तशी जाते. मूळ प्रती पुसल्या नव्हत्या म्हणून निभावले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मात्र सौभाग्यवतींना विचारून खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या आठवणींची फाइल चिटणीसांच्या लॅपटॉपवर सुखरूप उघडली. पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरांचा, प्रश्नचिन्हांचा आणि कंसांचा चिवडा होता.

पेटी चुकली नव्हती. १९९९ साली तिच्यावर देवनागरी टंकली जाई ती एका युक्तीने. यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरेच असत. फक्त त्या जागांवर फाँटने देवनागरीचे तुकडे चितारलेले असत. फाँट गेला की सोंग उतरते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत, परंतु विंडोजमध्ये ती खऱ्या अर्थाने आली विंडोज २००० पासून. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा फाँट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला. आपण सर्वांनी कधी ना कधी त्या अक्षरांत काहीतरी वाचलेले आहे. ती एका मराठी कवीच्या हातची आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

म्हणून पेटीवर जुन्या फाँटमधील प्रत्येक खूण एकेक करून पडद्यावर आणली, तिच्यापुढे तिचे खरे अक्षर लिहिले आणि दोनशेंच्या घरातील खुणांचे कोष्टक केले. पोराने त्यावरून रूपांतराचा कार्यक्रम लिहिला. पहिले पान बाहेर आले त्यात 'किवता' होती, 'शिनवार' होता आणि 'वगर्णी' होती. कारण असे की जुना फाँट डोळ्यांना जसे दिसते तशा क्रमाने साठवितो: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोड साठविते उच्चाराच्या क्रमाने. म्हणून 'कविता' मधली वेलांटी 'व' च्या मागे न्यावी लागते आणि 'वर्गणी' चा रफार 'ग' च्या पुढे आणावा लागतो. ही हलवाहलव जोडाक्षरांत फार किचकट होते. 'मूर्ती' आणि 'स्त्रिया' यांनी आमचे दोन रविवार घेतले.

पण पाने निघू लागली. पहिले ग्रंथालय म्हणजे काकूंच्या पलंगाखालची पत्र्याची ट्रंक आणि तीत सदतीस पुस्तके. रात्रपाळीहून परतणारे सभासद सकाळी सहाला पुस्तक बदलावयाला येत म्हणून त्यांनी दाराबाहेर पोळपाट ठेवला होता, त्यावर पुस्तक ठेवून जावे. एका पहिलटकरणीला माहेरी जाता आले नाही तेव्हा वसाहतीतील चौदा घरांनी पाळी लावून केलेला तिचा डिंकाच्या लाडवांपर्यंतचा सगळा बाळंतविडा. हे सारे मी २००० साली कापले होते. आणि ठेवले होते काय, तर उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांची नावे.

ग्रंथयादीही निघाली. तिच्यात १९९९ पासून परत न आलेल्या सव्वीस पुस्तकांची नोंद आहे, नावांसह. ती नावे मी येथे वाचणार नाही. त्यांतील एक माझे आहे; पुस्तक आज बरोबर आणले आहे.

काकूंच्या साठांपैकी एकेचाळीस पाने आता शुद्ध झाली आहेत. उरलेल्यांत काकूंची वेंगुर्ल्याकडची बोली पुष्कळ आहे, आणि तेथे कार्यक्रमाने अक्षर चुकविले की काकूंनी तसेच लिहिले, हे आम्हा दोघांना ठरविता येत नाही. मी मूळचा अमरावतीचा, पोरगा तर येथेच जन्मलेला. आपल्यापैकी कोणी मालवण-वेंगुर्ल्याकडचे असतील, किंवा काकूंशी ज्यांचे नित्य बोलणे होते असे कोणी असतील, त्यांनी शनिवारी सायंकाळी पाच ते सात या वेळात ग्रंथालयात यावे. चष्मा आणावा, पेटीचा पडदा चौदा इंचांचा आहे. स्मरणिकेची पाने छापखान्यात जावयाला अजून सहा आठवडे आहेत, आणि या वेळी जागा किती लागेल ते संपादक मंडळाला मी आधीच कळविले आहे.